टेपवरचे सात भाऊ

काही माणसं अशी असतात की आग त्यांच्याच विडीने लागते आणि ती विझवल्याबद्दलचा नारळही त्यांनाच मिळतो. मी नाव घेत नाही. ज्याचं आहे त्याला कळेल. नाही कळलं तरी त्याचं काही बिघडणार नाही, कारण त्याचं कधीच काही बिघडत नाही.

आमच्या ऑफिसातल्या गजाली, म्हणजे गप्पा-किस्से, साचत गेल्या त्या टेपसारख्याच. दर आठवड्याला एक थर चढतो, डबा बंद होतो, कपाट भरतं, आणि आत नक्की काय उतरलंय ते परत वाचून बघायला कोणाला वेळ नसतो. आज मला आहे.

आधी थोडी ओळख. देवगडला आंबा बागायतदारांची एक सहकारी संस्था आहे, तिथे मी कॉम्प्युटरचं काम बघते. माझं गाव धामापूर. पुण्यात इंजिनिअरिंग केलं. बरोबरची मुलं तिथेच राहिली, मी परत आले. गावाकडचं काम म्हणजे कसंतरी जोडून दिलेलं काम नव्हे, इथेही सगळं नीट, नियमाने होऊ शकतं, हे मला दाखवून द्यायचं होतं. दाखवायला तयार होते, बघायला कोणी नव्हतं.

संस्थेत कॉन्ट्रॅक्टवर आम्ही दोघं, मी आणि मंगेश. कायमची जागा एकच, सिस्टम इनचार्जची. हंगाम संपल्यावर बागायतदारांची सभा होते, तिथे ती भरली जाणार होती. दोघांतला एक. मंगेशकडे हार्डवेअरचा डिप्लोमा, गोड गळा आणि दशावतारात राजाचा पार्ट. माझ्याकडे टेप होत्या.

*

टेप आल्या कशा, तिथपासून सांगते.

आमचे हिशेब, ऑनलाइन ऑर्डरी, सभासदांची माहिती, मेल, असं सगळं एकाच सर्व्हरवर चालतं. सर्व्हर एक, पण त्याच्या पोटात सात व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेले सात कॉम्प्युटर. प्रत्येकीला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. सर्व्हर गेला की सातही जातात. म्हणून या सातही मशिनींच्या अख्ख्या प्रती टेपवर घ्यायच्या आणि टेप दुसऱ्या गावी नेऊन ठेवायच्या, असा माझा प्रस्ताव. महिनाभर खपून स्लाइड केल्या आणि सचिव सावंतसाहेबांपुढे उभी राहिले.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "टेप म्हणजे ती गाण्यांची?"

मंगेश प्रोजेक्टरची वायर धरायला आला होता. वायर धरूनच म्हणाला, "साहेब, एका घरात सात भाऊ. चुली वेगळ्या, छप्पर एक. वादळात छप्पर उडालं की सातही उघड्यावर. मानसी म्हणते, सातांचा संसार जसाच्या तसा दुसऱ्या गावात ठेवूया. इथे नवीन छप्पर घातलं की सात भाऊ परत हजर."

साहेब सरळ बसले. "आमचं पण घर सात भावांचंच," म्हणाले आणि सही केली. पेनाला टोपण लावताना थांबले. "फक्त माझ्या भावांचा बॅकअप घेऊ नका. एकदा झाले तेवढे पुरे."

सगळे हसले, मीसुद्धा. संध्याकाळी जिना उतरताना कानावर आलं, "मंगेशाच्या सात भावांची मशीन येतली."

*

मशीन आली. लहानशी, एका वेळी आठ टेप पोटात ठेवणारी. आतला हात बारकोड वाचून हवी ती टेप उचलतो. मी पहिला जॉब, म्हणजे टेपवर प्रत घ्यायचं काम, लावायला बसले, तर समोर नारळ. आमच्याकडे नवीन वस्तू गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला साकडं घातल्याशिवाय, सुरू होत नाही, आणि ऑफिसात गाऱ्हाणं घालावं ते मंगेशनेच. तो चप्पल काढून उभा राहिला, मागे सगळा स्टाफ हात जोडून.

"बा देवा म्हाराजा, आज ही टेपची मशीन तुझ्या पायाकडे आणून ठेवलेली आसा. तिका बरकत दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"लायट जावंदे, इजो पडांदे, कोणी तिच्या प्लगात मोबाईल लावंदे, सातय भावांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि राबणाऱ्या लेकरांका शनवारी दुपारसून घराक सोड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सावंतसाहेबांचा. डोळे उघडल्यावर त्यांना कळलं आपण काय बोलून बसलो. पण देवापुढे 'होय म्हाराजा' झालं की झालं, ते कोणी फिरवत नाही. त्या शनिवारपासून आम्हाला अर्धा दिवस. युनियनवाल्यांना वर्षभर मागून जे मिळालं नाही ते मंगेशने तीन वाक्यांत घेतलं.

मी बटण दाबलं. मशीनचा हात टेपपाशी गेला, थबकला, परत आला. टेप ओळखता येत नाही, म्हणे. दार उघडून बघते तर आठही टेपच्या बारकोडवर हळद आणि पिंजर, आमच्याकडचं कुंकू. अकाउंट्सच्या नलूताईंनी मनोभावे लावलेला. मी ओला कपडा घेऊन एकेक बारकोड पुसला, तेव्हा जॉब सुरू झाला.

"देवाचो पिंजर पुसलंस गो?" नलूताईंचा चेहरा उतरला.

त्यानंतर कधीही जॉब फेल गेला की ऑफिसात कारण ठरलेलं. केबल नाही, लाइट नाही, पुसलेला पिंजर. म्हणजे मी.

*

नलूताईंचीच दुसरी गजाल. पावसाळ्यात आमच्या सर्व्हर रूमच्या भिंतींना घाम सुटतो, आणि टेपला दमट हवा सोसत नाही. एसी दुरुस्त करा म्हणून मी साहेबांच्या मागे लागले होते. ते बोलणं नलूताईंनी ऐकलं. माणूस मनाने फार चांगलं.

मे महिन्यात मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर कपाटातल्या चार टेप गायब. शोधत स्लॅबवर गेले. तिथे नलूताईंनी ऑफिसच्या वेळात कोकमाची सोलं सुकत घातली होती, दरवर्षी घालतात. सोलांच्या शेजारी, स्वच्छ पंच्यावर, माझ्या चार टेप. कावळे येऊ नयेत म्हणून बाजूला काळी छत्री उघडून ठेवलेली.

"ताई, हे काय?"

"दमट झालेली ना गो? ऊन दाखवलंय. काळजी करू नको, मी परततंय मदी मदी. एका अंगान तापली तर वाकडी जातत."

मी ओरडले. कडक उन्हात टेप म्हणजे मेलीच, हे सांगताना आवाज चढला. नलूताई रडायला लागल्या. तेवढ्यात मंगेश वर आला, आमच्या दोघींच्या मधून वाकला, एक सोल उचलून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून म्हणाला, "ताई, औंदा सोलां काय झाली हत!"

नलूताई डोळे पुसत हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी बाटली भरून कोकमाचं आगळ आलं. मला कोणी विचारलंही नाही, टेपचं पुढे काय झालं. चारही फेकाव्या लागल्या. सोलं मात्र त्या वर्षी खरंच चांगली झाली होती.

*

टेप दुसऱ्या गावी न्यायच्या, ते गाव वैभववाडी. तिथे घाटाच्या पायथ्याशी संस्थेचं गोडाऊन आहे. समुद्र खवळला तरी तिथवर येत नाही. दर सोमवारी आठवड्याची टेप डब्यात घालून मी जीपच्या ड्रायव्हरकडे, भिवाकाकांकडे देते आणि मागची परत घेते.

भिवाकाका डबा कधी मागच्या सीटवर टाकत नाहीत, पुढे शेजारी ठेवतात आणि त्याला सीटबेल्ट लावतात. एकदा नाक्यावर नवीन पोलिसाने जीप थांबवली. विचारलं, डब्यात काय?

"सगळी संस्था," काका म्हणाले.

पोलिसाला वाटलं, चेष्टा चाललीय. जीप बाजूला घेऊन स्टेपनीसकट सगळं उतरवून बघितलं. काका झाडाखाली बसून राहिले. शेवटी पोलिसाने डबा उघडला, टेप उलटीपालटी केली आणि म्हणाला, "यात तर काहीच नाही."

ते वाक्य काकांच्या मनात बसलं. पुढच्या सोमवारी त्यांनी एका हातात भरलेली टेप घेतली आणि एका हातात कोरी. बराच वेळ तोलत राहिले.

"बाय, दोनय सारखीच गो जड."

"काका, त्यात माहिती असते. माहितीला वजन नसतं."

"असां," ते म्हणाले. पटलं नव्हतं. आणि खरं तर तो पोलीस आणि काका जे विचारत होते, तेच मीही साहेबांना विचारत होते. टेपवर खरंच काही आहे का, ते एकदा बघूया. सातही मशिनी टेपवरून परत उठवून बघूया, एक रविवार द्या. साहेबांचं उत्तर एकच, "देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून बघतात का, आत देव आहे की नाही?"

*

एकदा मात्र थोडीशी संधी मिळाली. साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी पत्रिकेचा मजकूर करून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवला होता, तीनशे नातेवाइकांच्या मानपानाच्या क्रमासकट. तो त्यांनी स्वतःच पुसला. घाम फुटलेला. मी म्हटलं, बसा. टेप लावली, फाइल शोधली, त्यांचा चहा निवायच्या आत पत्रिका समोर.

साहेब म्हणाले, "अरे, होती होय इथेच." आणि चहा प्यायले.

त्याच दिवशी मंगेश सकाळपासून प्रिंटर उघडून बसला होता. शाई कोपरापर्यंत, कपाळावर एक रेघ. संध्याकाळी पत्रिका छापून निघाली तेव्हा साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दिवसभर राबला पोरगा." रात्रीचं जेवण साहेबांच्या घरी, त्याला एकट्याला. सुरमई होती, असं त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. वाईट हेतूने नव्हे. त्याचा हेतू कधी वाईट नसतो, हाच तर त्रास आहे.

मला तेव्हा कळलं, पटकन झालेल्या कामाला घाम दिसत नाही. आणि बॅकअप तर असं काम की सगळं ठीक असेपर्यंत ते झालंय हेच कोणाला कळत नाही.

*

आता ही शेवटची.

एप्रिलचा मध्य, बुधवार. ऑफिसबाहेर पेट्या भरलेल्या पिकअपची रांग. कोणाची पेटी कोणत्या गिऱ्हाइकाला, हे सगळं ऑर्डरीच्या मशीनमध्ये. सकाळीच सर्व्हरच्या एका डिस्कवर लाल दिवा लागला. एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालतो, दोन गेल्या की नाही. गेलेली बदलायची एवढंच. मी खबरदारी म्हणून टेपचा एक जास्तीचा जॉब लावून खाली चहाला गेले. मंगेशने नवी डिस्क आणली, आणि लाल दिव्याची सोडून तिच्या शेजारची चांगली डिस्क ओढून बाहेर काढली.

सातही भाऊ एका दमात गेले.

मी वर आले तेव्हा तो डिस्क हातात घेऊन उभा होता. राजाचा पार्ट करणारा माणूस. "मानसी, चुकला गो माझा," एवढंच म्हणाला. खरं सांगू? सगळी संस्था बंद पडली होती, तरी मला आत कुठेतरी आनंदाची बारीक उकळी फुटत होती. मनात म्हटलं, घाल आता गाऱ्हाणं.

मशीनमधली टेप अर्धवट लिहिलेली, तिचा उपयोग नाही. सोमवारची पूर्ण टेप वैभववाडीला. भिवाकाका निघाले. मंगेश न सांगता जीपमध्ये चढला. बाहेर बागायतदार विचारत होते, आंबो पिकता हय, तुमची मशीन कधी चालू होतली? मी अडगळीतला जुना सर्व्हर काढून, पुसून तयार करत होते, आणि मला वेगळीच धास्ती होती. कारण ज्या टेपवर मी एवढा जीव टाकला होता, त्या कधी पूर्ण उतरवून बघितलेल्याच नव्हत्या. त्या रिकाम्या निघाल्या असत्या तर मंगेशने एक डिस्क ओढली होती, मी मात्र वर्षभर सगळ्यांना खोटा धीर दिला असता.

दुपारी जीप आली. मंगेशने डबा मांडीवर घेतला होता, जावळ काढून आणलेलं मूल घ्यावं तसा. नलूताई पिंजराची डबी घेऊन दारात. माझ्याकडे बघून घुटमळल्या.

"लावा ताई," मी म्हटलं. "बारकोड सोडून."

टेप आत गेली. मशीन बराच वेळ घरघरत राहिली. पडद्यावर काही नाही. मग एक नाव उमटलं, त्याखाली दुसरं, आणि सातही नावं ओळीने आली. मी एकेक उतरवायला घेतलं. आधी ऑर्डरीचं. ते उठलं तशी बाहेर पहिली पिकअप हलली. मग हिशेब, मग सभासद. सावंतसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून मोजत होते. सहा उठली. मेलचं काही केल्या उठेना.

"सातवो उशिराच उठता," साहेब म्हणाले. ऑफिसात ते कधी मालवणी बोलत नाहीत. "आमच्यातलो पण."

दिवेलागणीला सातवंही उठलं. मंगेश खाली धावला सांगायला. खिडकीतून मला दिसत होतं, बागायतदारांनी त्याला उचलून घेतलं. कोणीतरी नारळ दिला. चूक त्याची, धावपळ त्याची, आणि बातमीसुद्धा त्याचीच. मंगळवार-बुधवारच्या ऑर्डरी टेपवर नव्हत्या, त्या मी आणि नलूताई पावत्या बघून टाइप करत बसलो.

हंगाम संपला, सभा आली. निकाल काय लागणार ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी साहेबांनी मंगेशला केबिनमध्ये बोलावून पेढा भरवला होता. मी मागच्या रांगेत बसले. पुण्याच्या मैत्रिणीला मेसेज करून ठेवला होता, तुझ्या कंपनीत जागा आहे का?

सभेची सुरुवात गाऱ्हाण्याने. मंगेश चप्पल काढून पुढे आला. मांडवभर बागायतदार उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, औंदाचो हंगाम तुझ्या किरपेन पार पडलो. असोच पुढचो पार पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकराच्या हातान चुकीची डिस्क ओढली गेली, सगळ्यांचो जीव टांगणीक लागलो. ती चूक पदरात घी रे म्हाराजा!"

बाहेरच्या कोणालाच हे माहीत नव्हतं. 'होय म्हाराजा' यायला एक क्षण उशीर झाला, पण आलं.

"आणि जिच्या टेपेन सातय भाव परत इले, तिकाच त्या इनचार्जाच्या खुर्चेर बसव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सावंतसाहेबांचा. सवयीचा.

मग त्यांनी डोळे उघडले. मंगेशकडे बघितलं, देवाकडे बघितलं, आणि पाण्याचा ग्लास उचलला. मंगेशने नारळ फोडला, मांडव ओलांडून मागच्या रांगेपर्यंत आला आणि अर्धं भकल माझ्या हातात ठेवलं. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून. मला हवी होती ती खुर्ची मिळाली. मी मिळवली, असं मात्र कोणी म्हणणार नाही. तीसुद्धा त्यानेच दिली.

पुढच्या सोमवारी ती एप्रिलची टेप मी पुन्हा डब्यात घातली आणि वैभववाडीला न्यायला भिवाकाकांच्या हातात दिली. काकांनी डबा उघडला. टेप तळहातावर घेतली, तोलली, दुसऱ्या हातात घेऊन तोलली. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढा सगळा भायर काढलंस गो बाय," ते म्हणाले, "तरी ही वायच पण हलकी झाली नाय."